पेटी, पलंग आणि काठवट : इटलींतील घरसामान व कुटुंबस्थिति

इतिहाससंशोधनाच्या कामांत सनदा, तहनामे, लढायांचीं वृत्तें आणि घराण्यांच्या वंशावळी यांस जो मान मिळतो, तो घरसामानाच्या याद्यांस मिळत नाहीं. दप्तर चाळतांना एखाद्या लग्नांतील आंदणाची अगर मयताच्या घरच्या चीजवस्तूंची यादी हातीं लागली, तर 'किरकोळ' असा शेरा मारून ती बाजूस सारण्याची आम्हां संशोधकांस संवय जडली आहे. आमच्या पाहण्यांतील एका घराण्यानें आपल्या दप्तरांतून राजकीय पत्रें निवडून जतन केलीं आणि चार पिढ्यांच्या आंदणाच्या याद्या बंबांत घातल्या. ती निवड करणारांत आम्हीहि होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुढें कित्येक वर्षांनीं इटलीच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथ वाचण्यांत आले, आणि जें जाळलें तें काय होतें याची थोडीबहुत कल्पना आली.

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणूनच इटली हा घेतला आहे. घरांतील वस्तु आणि कुटुंबाची घडण यांचा संबंध जेथें कागदोपत्रीं दाखवितां येतो, असे देश थोडे. त्यांत इटलीचा क्रम वरचा लागतो. शिवाय त्या देशाविषयीं आपणांकडे एक ठाम समजूत आहे. ती अशी कीं, इटालियन लोक आपल्याप्रमाणेंच एकत्र कुटुंबांत राहणारे, आणि जों जों दक्षिणेस जावें तों तों कुटुंब मोठें व जुन्या वळणाचें. ही समजूत पुराव्याच्या कसोटीस कितपत उतरते, हें पुढें दिसेलच.

फ्लॉरेन्सच्या सरकारनें 1427 मध्यें करआकारणीसाठीं आपल्या मुलखांतील सर्व कुटुंबांची मोजदाद केली. तिला 'कातास्तो' म्हणतात. सुमारें साठ हजार कुटुंबप्रमुखांनीं आपली जमीन, व्यापारांतील भांडवल, येणें-देणें आणि घरांतील माणसें त्यांच्या वयांसह लिहून दिलीं. डेव्हिड हर्लिही व क्रिस्तियान क्लापिश-झुबेर या दोघां पंडितांनीं 1978 मध्यें या कागदांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसतें कीं, फ्लॉरेन्स शहरांतील शेंकडा एक कुटुंबांच्या हातीं शहराच्या एकंदर संपत्तीचा चतुर्थांशाहून अधिक भाग होता. परंतु घरसामानाच्या अभ्यासकास मात्र हे कागद मुके आहेत. राहतें घर आणि त्यांतील सामान यांवर कर नव्हता. अर्थात् तें कोणी लिहिलें नाहीं. सरकारास ज्यांतून कांहीं मिळावयाचें नसतें त्याची नोंदहि राहत नाहीं, हा अनुभव आपल्याकडील महसुली दप्तरांत काम करणारांस नवा नाहीं.

ही उणीव भरून निघते ती मृत्यूमुळें. बाप वारला आणि मुलें अज्ञान असलीं, म्हणजे त्यांच्या मालमत्तेची देखरेख करण्यासाठीं फ्लॉरेन्समध्यें चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून एक सरकारी खातेंच होतें. त्या खात्याचे कारकून घरीं जाऊन खोलीवार याद्या करीत. त्या वाचतांना प्रथम लक्षांत येतें तें हें कीं, श्रीमंताच्या घरींहि बसावयाच्या खुर्च्या फार थोड्या. बाकें, तिवया आणि पेट्या यांवर माणसें बसत. घरांतील मुख्य वस्तु म्हणजे पलंग. तो लांकडी चौथऱ्यावर उभा असे व त्याच्या कडेनें बुटक्या पेट्या मांडलेल्या असत. त्याच पायऱ्या, तींच आसनें, आणि कपडे ठेवण्याची जागाहि तीच. निजण्याची खोली ही केवळ निजण्याची नसे. तेथेंच पाहुणे येत, तेथेंच सौदे ठरत, तेथेंच बाळंतिणीस भेटावयास बायका जमत.

या सर्व सामानांत ज्या वस्तूनें विद्वानांचें लक्ष सर्वांत अधिक वेधलें ती लग्नाची पेटी. आज तिला 'कासोने' म्हणतात. परंतु पंधराव्या शतकांतील कागदांत 'फोर्झिएरे' हा शब्द येतो. 'कासोने' हा शब्द रूढ होण्यास सोळाव्या शतकांतील चरित्रकार वासारी हा मुख्यतः कारण. देल्लो नांवाच्या चित्रकाराच्या चरित्रांत त्यानें, मागील काळीं लोक आपल्या खोल्यांत अशा चित्रित पेट्या कशा ठेवीत, याचें वर्णन केलें आहे. पेट्या जोडीनें करीत. लग्नाच्या वेळीं वधू माहेरून सासरीं निघाली म्हणजे तिचें आंदण या पेट्यांतून रस्त्यानें मिरवीत नेत. पुढल्या फळीवर चित्र असे : ट्रॉयच्या कथा, रोमच्या विजययात्रा, पेत्रार्काच्या काव्यांतील प्रसंग, बोकाच्चोच्या गोष्टी. आपोल्लोनिओ दी जोव्हान्नी व मार्को देल बुओनो या दोघांच्या कारखान्याची 1446 ते 1463 या काळांतील गिऱ्हाइकांची यादी सतराव्या शतकांत कोणीं तरी उतरून ठेविली, म्हणून ती आज उपलब्ध आहे. त्या नकलेवरून एकाच कारखान्यांतून दीडशेहून अधिक जोड्या बाहेर पडल्या असें दिसतें. शहरांतील बहुतेक सर्व मातबर घराणीं तींत आहेत. मूळ वही गेली, नक्कल राहिली. ज्यानें ती नक्कल केली त्यास आपण कलेच्या इतिहासाची केवढी सेवा करीत आहों याची कल्पना असणें शक्य नव्हतें.

आतां प्रश्न असा कीं, ही पेटी कोणाची? वरवर पाहतां ती वधूची. तथापि पंधराव्या शतकाच्या मध्यापासून अशा पेट्या बहुधा वराकडील मंडळी करवून घेऊं लागली. 1472 मध्यें लोरेंझो मोरेल्ली व वाज्जा नेर्ली यांचा विवाह झाला. त्या वेळच्या दोन पेट्या त्यांच्या मागच्या चित्रित फळ्यांसह आज लंडनच्या कूर्टोल्ड संग्रहांत आहेत. त्यांवर दोन्ही घराण्यांचीं चिन्हें आहेत, परंतु त्या करविल्या वरानें. म्हणजे सुनेचें आंदण ज्या पेटींत ठेवावयाचें ती पेटी सासरची. आंत काय आहे तें माहेरचें. या एका वस्तूंत दोन मालकी एकमेकींस लागून बसल्या आहेत.

धर्मशास्त्राचा परिचय असणाऱ्या वाचकास येथें स्त्रीधनाचें प्रकरण आठवल्यावांचून राहणार नाहीं. मनूनें स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले, आणि विज्ञानेश्वर व जीमूतवाहन यांनीं त्या शब्दाची व्याप्ति किती याविषयीं भिन्न मतें दिलीं. फ्लॉरेन्समध्यें वाद याच जातीचा होता, पण निर्णय निराळा. मुलीस बापाकडून हुंडा मिळे. तो मुख्यतः रोकड असे. हुंड्याचे आंकडे इतके चढले कीं 1425 मध्यें सरकारनें 'मोंते देल्ले दोती' नांवाची हुंड्याची ठेवयोजना काढली. बापानें मुलगी लहान असतांना रक्कम भरावयाची आणि ठरलेल्या वर्षांनीं, लग्न झाल्यावर, ती वाढून जांवयास मिळावयाची. सरकारास कर्ज मिळालें व बापास धीर आला. नवरा मेला तर हुंडा विधवेस परत मिळे. उलट नवऱ्यानें लग्नांत जे भारी कपडे व दागिने घातले ते मात्र तिचे होत नसत. क्लापिश-झुबेर बाईंनीं खाजगी वह्यांच्या आधारें दाखविलें आहे कीं, लग्न होऊन कांहीं काळ लोटला म्हणजे नवरा ते दागिने परत घेई, मोडी किंवा विकी. कधीं तर ते मुळांत उसने अगर भाड्यानें आणलेले असत. बोकाच्चोच्या शेवटल्या गोष्टींत ग्रिसेल्दा नांवाच्या गरीब मुलीस सरदार-नवरा प्रथम उंची वस्त्रें नेसवितो आणि पुढें तीं उतरवून एका अंगरख्यानिशीं घरीं पाठवितो. ही गोष्ट नववधूच्या खोलींतील फळ्यांवर रंगविली जात असे. पतिनिष्ठेचा धडा म्हणून ती रंगवीत, असें म्हणतात; तिनें आणखी काय वाचलें असेल तें सांगतां येत नाहीं.

हुंडा परत मिळणें हें वरून न्यायाचें दिसतें, परंतु त्याचा परिणाम कठोर होई. तरुण विधवेस तिचे भाऊ माहेरीं बोलावून घेत, कारण तिचा हुंडा घेऊन दुसरा संबंध जुळवावयाचा असे. मुलें मात्र बापाच्या कुळाचीं. तीं मागें राहत. आई गेली म्हणजे घरांतून रोकड गेली. म्हणून त्या काळच्या पुरुषांच्या वह्यांत अशा आईस निर्दय म्हटलेलें आढळतें. तिला जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें, हें त्या वह्या लिहीत नाहींत. विधवेनें जावें कीं राहावें हा प्रश्न आपल्याकडेहि सुटला होता असें नव्हे. तो निराळ्या रीतीनें कठोर होता, इतकेंच.

श्रीमंतीच्या टोंकाचें उदाहरण म्हणून लोरेंझो दे मेदिची याची यादी पाहावी. तो 8 एप्रिल 1492 रोजीं वारला. त्या वेळीं केलेल्या यादीची 1512 मध्यें उतरलेली नक्कल शिल्लक आहे. उच्चेल्लो या चित्रकाराचीं सान रोमानोच्या लढाईचीं जगप्रसिद्ध चित्रें त्याच्या खोलींत होतीं. तीं तीन व दुसरीं तीन मिळून सहा चित्रांची किंमत 300 फ्लोरिन धरली आहे. त्याच यादींत एकशृंग प्राण्याचें म्हणून एक शिंग आहे. त्याची किंमत 6000 फ्लोरिन. एका कोरीव दगडी वाटीची, जी आज नेपल्सच्या संग्रहांत 'तात्सा फार्नेझे' या नांवानें आहे, 10000 फ्लोरिन! आज ज्यांसाठीं लोक समुद्र ओलांडून जातात तीं चित्रें त्या घरांत भिंतीच्या लांकूडकामाचाच भाग समजलीं जात. वात्स्यायनानेंहि नागरकाच्या शयनगृहाचें वर्णन केलें आहे. दोन शय्या, उशाशीं फळी, खुंटीस वीणा, चित्रफलक, सर्व कांहीं यथास्थित. परंतु तें शास्त्रकाराचें वर्णन. घर कसें असावें याचें. कोणत्या वस्तूस काय मोल होतें हें कारकुनाच्या यादींतूनच कळतें.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. फ्लॉरेन्समध्यें चौदाव्या शतकांत दाविझ्झी घराण्यानें बांधलेला व 1578 पासून दावांझाती घराण्याकडे असलेला एक वाडा आहे. जुन्या इटालियन घराचा नमुना म्हणून तो दाखवितात. 1904 मध्यें तो एलिया व्होल्पी नांवाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें विकत घेतला, दुरुस्त केला, ठिकठिकाणचें सामान आणून मांडलें आणि 1910 मध्यें लोकांस खुला केला. 1916 मध्यें तेंच सामान न्यूयॉर्कास लिलांवांत गेलें. अमेरिकेंतील धनिकांच्या घरांत 'फ्लॉरेन्टाइन' दिवाणखाने सजले ते या प्रदर्शनामुळें. 1956 पासून तेथें सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. म्हणजे जुन्या घराचें जें चित्र जगापुढें प्रथम गेलें तें एका व्यापाऱ्याच्या दृष्टीनें मांडलेलें होतें. यादी आणि देखावा यांत विरोध आला तर यादीवर विश्वास ठेवावा, असें आमचें मत आहे.

आतां शहर सोडून खेड्याकडे वळूं. टस्कनी, उंब्रिया, मार्के, एमिलिया-रोमान्या या मध्य इटलीच्या मुलखांत शेंकडों वर्षें 'मेत्झाद्रिया' म्हणून पद्धति चालली. आपल्याकडील अर्धेलीशीं ती पुष्कळ मिळते. जमीन व तीवरील घर जमीनदाराचें, कष्ट कुटुंबाचे, पीक निम्मेनिम. करार एका माणसाशीं नसून सबंध कुटुंबाशीं होई. शेत जेवढें मोठें तेवढे हात पाहिजेत. हात कमी पडले तर जमीनदार शेत काढून घेई. म्हणून मुलगे लग्न झाल्यावरहि बापाच्या घरींच राहत, सुना तेथेंच येत, आणि एका चुलीवर दहा-पंधरा माणसांचें शिजे. बाहेरचा कारभार 'कापोच्चा' म्हणजे कर्त्या पुरुषाकडे, आंतला 'मास्साया' म्हणजे थोरल्या बाईकडे. कुटुंबांतील लग्नास जमीनदाराची संमति घ्यावी अशी अट करारांत पुष्कळदां असे. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचें मूळ आपण धर्मांत व रक्तांत शोधतों. येथें तें जमिनीच्या करारांत सांपडतें.

या घराचें सामान थोडें पण भक्कम. मध्यभागीं मोठें स्वयंपाकघर, त्यांत माणूस आंत बसूं शकेल एवढी भिंतींतील चूल, लांब मेज, त्याच्या दोहों बाजूंस बाकें, आणि 'मादिया'. मादिया म्हणजे पाय व झांकण असलेली मोठी लांकडी काठवट. तींत आठवड्याची कणीक मळावयाची, भाकरी ठेवावयाच्या, व झांकण मिटलें कीं वर काम करावयाचें. तिच्यांतील भाकरी कोणास किती मिळावी हें मास्साया ठरवी. घरांतील सर्व वस्तु समाईक. सुनेची अशी एकच जागा, ती म्हणजे माहेराहून आलेली तिची पेटी.

याच मुलखांत आपलीं माणसें जाऊन आलीं आहेत. 10 जुलै 1944 रोजीं टायबरच्या वरच्या खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले, आणि 9 एप्रिल 1945 रोजीं रोमान्यांतील सेनियो नदीवर त्याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं शौर्य गाजविलें; दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या दोन्ही जागा अर्धेलीच्या मुलखांत आहेत. माणगांव तालुक्याकडून गेलेल्या शिपायांस तेथील वाटेकऱ्याचें भरलेलें घर परकें वाटलें नसेल.

दक्षिणेंत मात्र सर्वच निराळें. आपुलिया, लुकानिया, सिसिली येथें मोठाल्या जहागिरी आणि भूमिहीन मजूर. मजूर शेतावर राहत नसे. हजारों लोकवस्तीच्या गांवांत राही आणि पहाटे कोसच्या कोस चालत कामास जाई. मजुरी माणसापरत्वें मिळे, कुटुंबापरत्वें नव्हे. तेव्हां मुलास बापाच्या घरीं राहण्याचें कारण नव्हतें, आणि जागाहि नव्हती. लग्न झालें कीं जोडपें निराळें, बहुधा एका खोलींत. म्हणजे मोठें एकत्र कुटुंब हें मध्य इटलीच्या सधन शेतीचें लक्षण, आणि एकटें जोडपें हें दक्षिणेच्या दारिद्र्याचें. आरंभीं सांगितलेली समजूत या ठिकाणीं उलटी होते.

लुकानियांतील मातेरा गांवचीं 'सास्सी' म्हणजे डोंगरांत कोरलेलीं घरें हें याचें शेवटलें टोंक. फॅसिस्ट सरकारनें हद्दपार केलेला चित्रकार व वैद्य कार्लो लेव्ही 1935-36 मध्यें त्या प्रांतांत होता. त्याचा ग्रंथ 1945 मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांत त्याच्या बहिणीच्या तोंडून मातेराचें वर्णन आलें. एकाच गुहेंत आईबाप, मुलें, खेंचर, कोंबड्या. सामानांत मुख्य म्हणजे पलंग, तोहि फार उंच. कारण खालची जागा कोंबड्यांस, पेटीस आणि जळणास लागे. तान्ह्या मुलाचा पाळणा पलंगावर छतास टांगलेला. इतक्या दारिद्र्यांतहि प्रत्येक कुटुंबाचा एक कोरीव लांकडी शिक्का असे. सार्वजनिक भट्टींत भाकरी पाठवितांना तिच्यावर तो उमटवीत, म्हणजे आपली भाकरी आपणांसच परत मिळे. मेदिची घराण्याच्या चिन्हास जें काम होतें तेंच या शिक्क्यास. मुलीचें आंदणहि चुकत नसे. चादरी, अभ्रे, पंचे डझनांच्या हिशेबानें मोजीत, मुलगी लहानपणापासून तें भरीत बसे, आणि लग्नापूर्वीं सर्व मांडून शेजाऱ्यांस दाखवीत. आपल्या रुखवताचीच ही दुसरी जात. नेपल्समधील 'बास्सो' म्हणजे रस्त्याकडे दार असलेल्या एकखणी घरांतहि पलंग हाच राजा. 1884 च्या पटकीनंतर तीं वस्ती पाडण्याचा कायदा 1885 मध्यें झाला, तरी बास्सो सर्व गेले नाहींत.

पंतप्रधान दे गास्पेरी 1950 मध्यें मातेरास जाऊन आले व 1952 मध्यें कायदा होऊन सुमारें पंधरा हजार लोकांस नव्या घरांत नेण्यास आरंभ झाला. ला मार्तेल्ला हें नवें खेडें वसविलें, त्यांत गोठा घरास लागून पण निराळा. आरोग्य सुधारलें यांत शंका नाहीं. परंतु सास्सींत दहा-बारा गुहा एका अंगणाभोंवतीं असत, त्यांचें पाण्याचें टांकें एक, कपडे धुण्याची जागा एक; तें शेजारपण नव्या सरळ रस्त्यांवर उभें राहिलें नाहीं. आज त्याच गुहांत प्रवाशांसाठीं खोल्या आहेत. 1993 मध्यें युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत घेतलें.

1951 च्या खानेसुमारींत वीज, पिण्याचें पाणी आणि आंत शौचकूप हीं तिन्ही असलेलीं घरें साऱ्या इटलींत शेंकडा 7.4 होतीं. दहाच वर्षांनीं, 1961 मध्यें, मिलान येथें फर्निचरचें पहिलें मोठें प्रदर्शन भरलें आणि त्या देशाचें नांव जगाच्या दिवाणखान्यांत गेलें. जो पोंती याची 1957 सालची 1.7 किलो वजनाची खुर्ची त्या युगाची खूण मानतात. ती कोरी कल्पना नव्हे. लिगुरियांतील क्यावारी गांवीं 1807 पासून होत असलेल्या हलक्या खुर्चीची ती वंशज आहे.

मेत्झाद्रियाचे नवे करार 1964 च्या कायद्यानें बंद झाले, आणि 1982 च्या कायद्यानें राहिलेल्यांचें साध्या खंडांत रूपांतर करण्याची वाट मोकळी झाली. तरुण माणसें कारखान्यांत गेलीं. घरांतून मादिया निघाल्या. त्या देऊन लोकांनीं गुळगुळीत फॉर्मायकाचीं मेजें घेतलीं, आणि जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांनीं त्याच मादिया शहरी दिवाणखान्यांत शोभेस नेऊन ठेविल्या. पार्मानजीक ओत्सानो तारो येथें एत्तोरे ग्वातेल्ली नांवाचे प्राथमिक शाळेचे मास्तर होते. वाटेकऱ्याच्या कुटुंबांत जन्मलेले. लोक जें टाकीत होते तें ते गोळा करीत राहिले : हातोडे, विळे, पिंपें, डबे, खेळणीं, झिजलेले जोडे. 2000 मध्यें ते वारले तेव्हां साठ हजारांच्या आसपास वस्तु जमल्या होत्या. त्यांच्याच शेतघराच्या भिंतींवर त्या ओळींनीं लाविलेल्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळ वस्तूंविषयीं, त्या कोणाच्या व कशाच्या कामीं येत, हें त्यांनीं देणाराकडून विचारून लिहून ठेविलें आहे.